‘तयार’ केव्हां म्हणावें?

जुन्या मराठी ग्रंथांच्या शेवटीं पुष्कळदां एक लहानसें पान असे. त्याला ‘शुद्धिपत्र’ म्हणत. अमुक पृष्ठावर, अमुक ओळींत अशुद्ध काय छापलें गेलें व शुद्ध काय वाचावें, याची त्यावर यादी असे. ग्रंथकाराला आपले दोष दिसलेले असत. परंतु तोंपर्यंत फर्मे छापून झालेले, पुस्तक बांधणारा खोळंबलेला आणि वर्गणीदार वाट पाहून थकलेले. तेव्हां ग्रंथ अडवून न ठेवतां तो वाचकाच्या हातीं दिला जाई आणि दोषांची कबुलीहि त्याच बांधणींत घातली जाई. एखादें काम तयार झालें असें म्हणण्याचा अधिकार कोणाचा, आणि तो कोणत्या क्षणीं वापरावा, हा प्रश्न छापखान्याइतका तरी जुना आहे. गेल्या तीस-बत्तीस वर्षांत हाच प्रश्न संगणकाच्या क्षेत्रांत फार मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. तो कसा उभा राहिला आणि त्याचें उत्तर कोणत्या ठेचा खात मिळालें, याचा इतिहास जाणून घेण्यासारखा आहे.

संगणक हें यंत्र स्वतः होऊन कांहींच करीत नाहीं. कळफलकावर दाबलेलें अक्षर टिपणें, तें पडद्यावर दाखविणें, कागदपत्र जपून ठेवणें, अनेक कामें एकाच वेळीं चालूं देणें, या साऱ्यांचा कारभार जी आज्ञावली पाहते तिला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात. मोठ्या वाड्यांत कारभाऱ्याचें जें स्थान, तेंच हिचें संगणकांत. बहुतेक ऑपरेटिंग सिस्टिम एखाद्या कंपनीच्या मालकीच्या असतात. त्या बाजारांत केव्हां आणावयाच्या हें कंपनीचे चालक ठरवितात, आणि त्यांत जाहिरात, हंगाम व नफा-तोटा यांचा हिशेब असतो. ‘ओपन सोर्स’ म्हणून जो प्रकार आहे त्याची गोष्ट निराळी. त्याचें मूळ लेखन सर्वांस खुलें असतें. तें कोणीहि वाचावें, बदलावें व वांटावें. ज्या ठिकाणीं असें काम केवळ स्वयंसेवक चालवितात, तेथें मालक नाहीं, विक्रीचा हंगाम नाहीं, आणि म्हणूनच ‘आज तयार झालें’ असें हुकुमानें सांगणारा माणूसहि नाहीं. असा माणूस नसतां हा निर्णय कसा होतो, याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे ‘डेबियन’ ही संस्था होय.

फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं ‘लिनक्स’ नांवाचा गाभा जगापुढें ठेवला. परंतु नुसता गाभा सामान्य मनुष्याच्या उपयोगाचा नव्हता. त्याभोंवतीं शेंकडों लहानमोठ्या आज्ञावली जुळवून, त्यांची एकमेकींशीं सांगड घालून, सारें एकत्र बसवितां येईल असा संच करावा लागे. अशा संचास ‘वितरण’ म्हणत. आरंभींचीं वितरणें घाईनें केलेलीं असत. त्यांतील दोष कोणी सांगितले तरी ते वेळेवर दुरुस्त होत नसत. या अव्यवस्थेस कंटाळून अमेरिकेंतील पर्ड्यू विद्यापीठाचा विद्यार्थी इयन मर्डॉक यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं नव्या वितरणाची घोषणा केली. आपली मैत्रीण डेब्रा हिच्या नांवाचा आरंभ आणि स्वतःचें इयन हें नांव, यांची जोड करून त्यानें ‘डेबियन’ हें नांव घडविलें. जानेवारी १९९४ मध्यें त्यानें जाहीरनामा काढला. वितरण काळजीपूर्वक रचावें, त्यामागें नफ्याचा हेतु नसावा, आणि तें बंद दाराआड न होतां अनेकांच्या उघड सहकार्यानें व्हावें, असा त्याचा आशय होता. प्रत्येक आज्ञावलीचें एक ‘पॅकेज’ करावें व त्या पॅकेजाची जबाबदारी कोणीतरी आपल्या नांवावर घ्यावी, ही डेबियनची रीति त्याच काळांत रूढ झाली.

पहिला धडा लवकरच मिळाला. त्या काळीं इंटरनेट मंद होतें व सर्वांना सुलभ नव्हतें. पुष्कळ लोक अशीं वितरणें सीडीवर विकत घेत. डेबियनची १.० ही आवृत्ति घडत होती. तिच्या फाइली त्याच आंकड्याच्या नांवाखालीं सर्वांस दिसतील अशा ठेवल्या होत्या. डिसेंबर १९९५ मध्यें इन्फोमॅजिक नांवाच्या सीडी विकणाऱ्या कंपनीनें ती अर्धी-कच्ची अवस्थाच चुकून पूर्ण आवृत्ति समजून छापली व विक्रीस काढली. त्यांत कपटाचा भाग नव्हता. दारावर पाटी दिसली, म्हणून घर बांधून झालें असें वाटलें, इतकेंच. ११ डिसेंबर रोजीं डेबियन व ती कंपनी या दोघांनीं मिळून ती प्रत सदोष असल्याचें जाहीर केलें. खोट्या १.० चा गोंधळ खऱ्या १.० ला चिकटूं नये म्हणून डेबियननें तो आंकडाच सोडून दिला. त्यामुळें डेबियनच्या इतिहासांत १.० ही आवृत्ति नाहीं. १७ जून १९९६ रोजीं निघालेली पहिली मोठी आवृत्ति १.१ आहे.

यापुढें घडत असलेल्या आवृत्तीला आंकडा न देतां टोपणनांव द्यावें, आणि आंकडा प्रकाशनाच्या वेळींच लावावा, असें ठरलें. तेव्हां संस्थेची सूत्रें ब्रूस पेरेन्स यांच्याकडे आलीं होतीं. ते पिक्सार या चित्रपटसंस्थेंत नोकरीस होते. तिचा ‘टॉय स्टोरी’ हा चित्रपट नुकताच लोकप्रिय झाला होता. म्हणून आवृत्त्यांना त्यांतील खेळण्यांचीं नांवें मिळूं लागलीं: बझ, रेक्स, बो, हॅम. जी शाखा नेहमींच कच्ची राहणार, जींत रोज नवें येऊन पडणार, तिला सिड हें नांव कायमचें देण्यांत आलें. चित्रपटांतील सिड हा खेळणीं मोडून टाकणारा शेजारचा मुलगा आहे. नांव ऐकतांच घेणाऱ्याला सावध करणारी अशी पाटी दुसरी क्वचितच सांपडेल.

१.१ मध्यें ४७४ पॅकेजें होतीं. जुलै १९९८ मध्यें निघालेल्या २.० मध्यें त्यांची संख्या १५०० च्या वर गेली, आणि तीं सांभाळणारे स्वयंसेवक ४०० हून अधिक झाले. ते निरनिराळ्या देशांत राहत, बहुतेकांनीं एकमेकांस पाहिलेलेंहि नसे, आणि कोणाला पगार नव्हता. अशा मंडळींना ‘अमुक दिवसापर्यंत काम पुरें करा’ असा हुकूम कोण देणार? हुकुमाच्या जागीं त्यांनीं एक करार ठेवला. जुलै १९९७ मध्यें संमत झालेल्या ‘सामाजिक करारां’त त्यांनीं वापरणाऱ्यांना जीं वचनें दिलीं, त्यांपैकीं एक असें कीं दोष लपविले जाणार नाहींत; दोषांची संपूर्ण वही सर्वांस सदैव उघडी राहील. वर वर पाहतां हें वचन साधें दिसतें. परंतु त्यांतूनच सिद्धतेची कसोटी निघाली. प्रत्येक दोषाला त्याच्या गांभीर्याप्रमाणें वर्ग देण्यांत येऊं लागला. जे दोष उरले असतां आवृत्ति बाहेर काढूं नये, ते ‘प्रकाशन अडविणारे’ म्हणून निराळे मोजले जाऊं लागले. आवृत्ति केव्हां निघणार, असें कोणी विचारलें तर ‘तयार होईल तेव्हां’ हें डेबियनचें ठरलेलें उत्तर असे. तें उद्धट वाटे; परंतु विचारणाऱ्याला ती वही उघडून स्वतः पाहतां येत होतें, हें विसरून चालणार नाहीं.

तथापि वही उघडी असली म्हणजे काम आटोपतें असें नाहीं. आरंभींची पद्धति अशी होती कीं एके दिवशीं कच्च्या शाखेची जशीच्या तशी नक्कल करावी, ती गोठवावी, म्हणजे तींत नवें कांहीं घेऊं नये, आणि मग तिच्यांतील दोष वेंचीत बसावें. संच लहान होता तोंवर हें जमलें. पुढें गोठविलेल्या दिवशीं जितका गोंधळ असेल तितका सगळा आवृत्तींत येऊं लागला. ‘पोटॅटो’ हें टोपणनांव असलेली २.२ ही आवृत्ति जानेवारी २००० मध्यें गोठविली, ती बाहेर पडण्यास ऑगस्टचा मध्य उजाडला. ती जोएल क्लेकर या तरुण स्वयंसेवकाच्या स्मृतीस अर्पण केलेली आहे. दीर्घ आजारांतहि तो डेबियनचें काम करीत असे. ११ जुलै रोजीं, वयाच्या एकविसाव्या वर्षीं तो वारला. आवृत्ति निघाली ती त्यानंतर महिन्याभरानें.

या लांबलेल्या गोठवणींतून एक नवी योजना निघाली. ऑस्ट्रेलियांतील अँथनी टाउन्स यांनीं डिसेंबर २००० मध्यें कच्ची शाखा व पक्की शाखा यांच्या मधोमध ‘टेस्टिंग’ म्हणजे कसोटीची शाखा आणली. कच्च्या शाखेंत आलेलें पॅकेज निकडीप्रमाणें दहा, पांच किंवा दोन दिवस तेथेंच राहावें. तेवढ्या काळांत त्याविरुद्ध नवा गंभीर दोष नोंदला गेला नाहीं, आणि त्याला लागणारीं इतर पॅकेजेंहि कसोटींत असलीं, तरच तें आपोआप पुढच्या शाखेंत जावें, असा नियम झाला. गाळण्यांतून पाणी जावें तशी ही व्यवस्था. तिचा हेतु असा कीं कोणत्याहि दिवशीं कसोटीची शाखा प्रकाशनाच्या जवळपास असावी, म्हणजे गोठवण थोडक्यांत आटोपेल.

हेतु उत्तम होता. फळ मात्र लगेच मिळालें नाहीं. ३.० ही ‘वुडी’ नांवाची आवृत्ति २००२ च्या मे महिन्यांत निघावयाची होती. पॅकेजें तयार होतीं. अडले तें निराळ्याच ठिकाणीं. वुडी ११ प्रकारच्या संगणकांवर चालणार होती. उद्यां एखादा सुरक्षेचा दोष उघडकीस आला तर त्याची दुरुस्ती या अकराहि प्रकारांसाठीं एकदम तयार करण्याची यंत्रणा डेबियनपाशीं नव्हती. वस्तु पुरी झाली, पण ती विकत वा फुकट घेणाऱ्याला पुढें सांभाळण्याची सोय झाली नाहीं, तर तिला तयार म्हणावें काय? प्रकाशन थांबविण्यांत आलें, यंत्रणा उभी केली गेली, आणि १९ जुलै रोजीं वुडी निघाली. सिद्धता ही केवळ वस्तूची नव्हे, ती देणाऱ्याचीहि असावी लागते, हा त्यांतला बोध होता.

यानंतर डेबियनच्या इतिहासांतील सर्वांत कठीण काळ आला. ३.१ या ‘सार्ज’ नांवाच्या आवृत्तीसाठीं १ डिसेंबर २००३ हा दिवस नेमण्यांत आला होता. नोव्हेंबरांत डेबियनच्या मुख्य संगणकांपैकीं कांहींवर परक्यानें शिरकाव केल्याचें उघड झालें, आणि सारें बळ घर तपासण्यांत गेलें. पुढील वर्षीं एप्रिलमध्यें सामाजिक कराराची भाषा सुधारण्यासाठीं मत घेण्यांत आलें. बदल केवळ शाब्दिक आहेत असें पुष्कळांना वाटलें होतें. परंतु तेव्हां प्रकाशन-व्यवस्थापक असलेल्या टाउन्स यांनीं दाखवून दिलें कीं, नव्या शब्दांप्रमाणें कांहीं माहितीपुस्तकें व यंत्रांच्या आंतील कांहीं आज्ञावली या पूर्णपणें मुक्त नसल्यामुळें वगळाव्या लागतील, आणि तसें करावयाचें तर सार्ज आणखी फार लांबेल. अखेर दुसरें मतदान होऊन, सार्ज निघेपर्यंत नवे शब्द लागू करूं नयेत असें ठरलें. तत्त्वनिष्ठ मंडळींना ही माघार वाटली. परंतु वाट पाहणाऱ्या लोकांशींहि करार झालेला आहे, ही जाणीव त्यांत होती.

सार्जसाठीं प्रणाली संगणकावर बसविण्याचें साधनहि नव्यानें लिहिलें गेलें होतें, आणि तें सुमारें चाळीस भाषांत बोलूं शकत होतें. (पुढें या भाषांत मराठीचीहि भर पडली.) भाषांतरकारांनाहि गोठवणीची गरज असते, हें येथें ध्यानांत येतें, मूळ वाक्य रोज बदलत राहिलें तर त्याचें भाषांतर पुरें कसें व्हावें? अशा अनेक हातांची वाट पाहत, वुडीनंतर जवळजवळ तीन वर्षांनीं, ६ जून २००५ रोजीं सार्ज प्रसिद्ध झाली. तींत १५ हजारांहून अधिक पॅकेजें होतीं.

आणि मग एक गंमत झाली. तिला गंमत म्हणावें कीं शोकान्तिका, हें ऐकणाऱ्यानें ठरवावें. तीन वर्षें तपासलेल्या त्या आवृत्तीच्या सीडी हातांत पडल्यावर असें आढळलें कीं एका लहान फाइलींत एक ओळ चुकली आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या कोठून आणावयाच्या हें सांगणारी ती ओळ. ती ‘पक्क्या’ शाखेकडे बोट दाखविण्याऐवजीं ‘कसोटी’च्या शाखेकडे दाखवीत होती, आणि तीहि निष्क्रिय करून ठेवलेली होती. म्हणजे त्या सीडीवरून बसविलेल्या संगणकाला दुरुस्त्या आपोआप मिळणार नव्हत्या. सीडी नव्यानें काढाव्या लागल्या व चूक जाहीर करावी लागली. तीन वर्षें थांबल्यानें निर्दोषता येते असा ज्यांचा समज होता, त्यांना त्या एका ओळीनें उत्तर दिलें.

दरम्यान बाहेर एक प्रतिस्पर्धी उभा राहिला होता, आणि तो डेबियनच्याच पोटांतून जन्मला होता. मार्क शटलवर्थ हे पूर्वीं डेबियनचे कार्यकर्ते होते. त्यांनीं डेबियनचीच कच्ची शाखा घेऊन, ठराविक लोकांना पगारी नेमून, दर सहा महिन्यांनीं आवृत्ति काढण्याचा उपक्रम सुरू केला. तिचें नांव उबंटू. पहिली आवृत्ति २० ऑक्टोबर २००४ रोजीं निघाली. येथें प्रश्न उलटा मांडलेला होता. तयार झालें म्हणजे प्रसिद्ध करूं, असें नव्हे. दिवस ठरलेला आहे, त्या दिवशीं जेवढें तयार असेल तेवढें घेऊं, उरलेलें पुढच्या गाडीनें येईल. या पद्धतींत मोठा गुण असा कीं एक गाडी चुकली तरी दुसरी लवकरच आहे, म्हणून अर्धें काम धांवतपळत डब्यांत कोंबण्याचा मोह होत नाहीं. परंतु वेळापत्रकालाहि कधीं नमतें घ्यावें लागतें. दीर्घकाळ सांभाळावयाची म्हणून जी पहिली आवृत्ति उबंटूनें योजिली, ती एप्रिल २००६ मध्यें निघावयाची होती; काम उणें वाटल्यामुळें ती सहा आठवडे पुढें ढकलून १ जूनला काढण्यांत आली.

डेबियनमध्येंहि आत्मपरीक्षण सुरू झालें. पुढची ‘एच’ ही ४.० आवृत्ति डिसेंबर २००६ मध्यें काढावयाची असें ठरलें. त्यासाठीं कांहीं मंडळींनीं देणग्या गोळा करून प्रकाशन-व्यवस्थापकांना एकेक महिना पगार देण्याची योजना केली, म्हणजे त्यांना पोटापाण्याचा उद्योग बाजूस ठेवून हेंच काम करतां यावें. योजनेमागें सद्भाव होता. परंतु हजार माणसें फुकट राबत असतां दोघांना पैसे द्यावयाचे, यावरून तीव्र मतभेद झाले. कित्येकांचा उत्साह मावळला. एच ८ एप्रिल २००७ रोजीं, म्हणजे नेमलेल्या वेळेनंतर चार महिन्यांनीं निघाली. स्वेच्छेनें चाललेल्या कामाला पैशानें वेग येतोच असें नाहीं, हें त्या वेळीं दिसून आलें.

शेवटीं तोडगा सुचला तोहि सरळ मार्गानें नव्हे. जुलै २००९ मध्यें असें जाहीर झालें कीं यापुढें दर दोन वर्षांनीं डिसेंबरांत गोठवण होईल. सर्वांशीं पुरेसा विचारविनिमय न करतां हें ठरविलें, अशी तक्रार उठली, आणि पहिला डिसेंबर सोडून द्यावा लागला. ती गोठवण ऑगस्ट २०१० मध्यें झाली व आवृत्ति फेब्रुवारी २०११ मध्यें निघाली. परंतु मूळ कल्पना टिकली. तिचें मर्म असें: दार बंद करण्याचा दिवस आधीं ठरवितां येतो; दार उघडण्याचा दिवस ठरवितां येत नाहीं. गोठवणीची तारीख पुष्कळ आधीं सांगितली म्हणजे प्रत्येकाला आपलें काम त्या बेतानें आवरतां येतें. त्यानंतर मात्र प्रकाशन अडविणारे दोष किती उरले, याच्याकडे पाहूनच पुढचें पाऊल पडतें. पुढें ही गोठवणहि पायरीपायरीनें होऊं लागली: प्रथम मोठ्या उलथापालथी बंद, मग नवीं पॅकेजें बंद, शेवटीं प्रत्येक लहान बदलालाहि परवानगी.

आणि दोषांची ती संख्या शून्यावर येते काय? सहसा येत नाहीं. डेबियनच्या वहींत एक खूण आहे. एखादा दोष नियमानें प्रकाशन अडविणारा असला, तरी ‘या आवृत्तीपुरता याच्यासाठीं थांबूं नये’ असें व्यवस्थापक त्या खुणेनें नोंदवितात. नोंद उघड असते. कोणीं केली तेंहि दिसतें. तयार असणें म्हणजे दोष नसणें नव्हे. ज्ञात दोषांपैकीं कोणते पदरांत घेऊन पुढें जावयाचें, हें नांवानिशीं ठरविलेलें असणें होय. शुद्धिपत्र लिहिणाऱ्या ग्रंथकारानें याहून निराळें काय केलें होतें?

परंतु जे दोष कोणाला ठाऊकच नाहींत त्यांचें काय? या प्रश्नाचीं दोन उत्तरें डेबियनच्या इतिहासांत आहेत, आणि तीं एकमेकांविरुद्ध आहेत. सप्टेंबर २००६ मध्यें ओपनएसएसएल या पॅकेजांत एक फेरफार झाला. संगणकांच्या गुप्त दळणवळणासाठीं लागणाऱ्या किल्ल्या हें पॅकेज घडवितें, आणि किल्ली अंदाजानें ओळखतां येऊं नये म्हणून तिच्यांत यदृच्छेचा मोठा अंश घालावा लागतो. तपासणीचें एक साधन कांहीं ओळींविषयीं कुरकुर करीत होतें, म्हणून त्या ओळी काढल्या गेल्या. त्यांबरोबर तो यदृच्छेचा अंशहि गेला. उरल्या त्या एका प्रकारच्या किल्लीमागें जेमतेम ३२,७६७ शक्यता. संगणकाला त्या साऱ्या तपासून पाहणें अवघड नव्हतें. हा दोष कच्च्या शाखेंतून कसोटींत गेला, कसोटींतून गोठवणींत आला आणि एच या पक्क्या आवृत्तींत बसला. वहींत त्याचें नांव नव्हतें, म्हणून त्यानें प्रकाशन अडविलें नाहीं. अर्जेंटिनाचे लुसियानो बेयो यांना तो सांपडला, आणि १३ मे २००८ रोजीं तो जाहीर झाला. जगभरच्या असंख्य किल्ल्या टाकून देऊन नव्या कराव्या लागल्या. पावणेदोन वर्षें सर्व दारें ओलांडून तो दोष उजळ माथ्यानें फिरत होता.

दुसरें उत्तर २०२४ सालचें. एक्सझेड नांवाच्या लहानशा आज्ञावलींत, दोन वर्षांहून अधिक काळ विश्वास संपादन करून शिरलेल्या कोणीतरी चोरदरवाजा बसविला. या वेळीं दोष अनवधानाचा नव्हता, हेतुपुरस्सर होता. तो फेब्रुवारींत डेबियनच्या कच्च्या शाखेंत आला व तेथून कसोटींतहि पोंचला. आंद्रेस फ्रॉइंड हे अभियंते कच्च्या शाखेवर आपलें काम करीत असतां दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो, असें त्यांच्या लक्षांत आलें. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढीत ते मुळाशीं पोंचले आणि २९ मार्च २०२४ रोजीं त्यांनीं तें जगाला सांगितलें. पक्की आवृत्ति सुरक्षित राहिली, कारण तो चोरदरवाजा तिच्यापर्यंत पोंचलाच नव्हता. वर्षानुवर्षें ज्या संथपणाची थट्टा झाली, तोच त्या दिवशीं ढाल झाला. तरीहि डेबियननें पक्क्या आवृत्तीच्या दुरुस्त्यांचा जो संच एप्रिलच्या आरंभीं निघावयाचा होता तो थांबवून ठेवला. सारें पुन्हा तपासून तो जूनच्या अखेरीस काढला.

पहिल्या उदाहरणांत थांबणें व्यर्थ ठरलें, दुसऱ्यांत तेंच तारक झालें. फरक काळाच्या लांबीचा नव्हता. मधल्या काळांत कोणी डोळे उघडे ठेवून काम करीत होता कीं नाहीं, हा होता. नुसतें मुरत ठेवल्यानें वस्तु शुद्ध होत नाहीं. तिला वापरणारा, नाकारणारा व बोट दाखविणारा माणूस लागतो. त्या माणसाला पाहतां यावें म्हणून लेखन खुलें, त्याला सांगतां यावें म्हणून वही खुली, आणि त्याला अवधि मिळावा म्हणून गोठवण: डेबियनची सारी पद्धति या तीन गोष्टींत सांठविली आहे.

मर्डॉक २०१५ च्या डिसेंबरांत वारले. जून २०१७ मध्यें निघालेली ९ वी आवृत्ति त्यांच्या स्मृतीस अर्पण झाली. ९ ऑगस्ट २०२५ रोजीं १३ वी आवृत्ति निघाली, आधींच्या आवृत्तीनंतर दोन वर्षें व दोन महिन्यांनीं. ४७४ पॅकेजांपासून निघालेला संच आतां सुमारें ७० हजारांवर गेला आहे. त्या आवृत्तीबरोबर, प्रत्येक आवृत्तीबरोबर असतें तसें, एक टिपण आहे. त्यांत एक प्रकरण ज्ञात अडचणींचें आहे: येथें अमुक बिघडण्याचा संभव आहे, तेथें अमुक जपून करावें. तीन दशकें वाद घालून, मतें देऊन, तारखा चुकवून आणि तारखा पाळून ही मंडळी अखेर ज्या ठिकाणीं येऊन पोंचलीं, तें ठिकाण जुन्या ग्रंथकारांच्या ओळखीचें होतें. ग्रंथ वाचकाच्या हातीं द्यावा, आणि शुद्धिपत्र त्याच बांधणींत घालावें.